गाव निवडायचा तक्ता

१ जानेवारी २०२२, शनिवार, सकाळी ११
ठरलं. डब्लिन सोडायचं आणि समुद्राकाठी राहायला जायचं. घरमालक ऑगस्टअखेर हे घर विकतोय, हा निव्वळ योगायोग. निर्णय माझा आहे. ऑफिसचं काम हल्ली घरूनच चालतं, मग ते लाटांच्या आवाजात का चालू नये? बायकोला, डर्व्हलाला, सांगितलं. ती म्हणाली, घरमालकाचं पत्र मीच तुला परवा वाचून दाखवलं ना? ते वेगळं.
संकल्प : मार्चअखेर गाव पक्कं करणे. तिथे गेल्यावर रोज सकाळी समुद्रात पोहणे. सराव म्हणून आजपासून गार पाण्याने आंघोळ.
११.२० : आंघोळ गरम पाण्याने केली. मी आजारी पडलो तर गाव कोण शोधणार?

९ जानेवारी, रविवार
तक्ता तयार. सतरा रकाने. वारा, वाळू, वायफाय, शाळा, डॉक्टर, चिप्सचं दुकान वगैरे. प्रत्येकाला दहापैकी गुण. भावनेच्या भरात माणसं चुकतात, तक्ता चुकत नाही. थोरल्या मुलीने, ऊनाने (वय दहा), विचारलं की शाळेला आणि चिप्सला सारखंच वजन कसं. पद्धत समजायला तिला वेळ लागेल. काहल (आठ) म्हणतो, गोलपोस्ट आहे की नाही एवढा एकच रकाना पुरे. मेव्हला (पाच) जायचंच नाही, कारण समुद्रात खेकडे असतात. खेकड्यांचा रकाना घालतो म्हटल्यावर ती शांत झाली.
घातला नाही.

२३ फेब्रुवारी, बुधवार, किलव्हारा, काउंटी मेयो
पहिलं गाव. शाळेला सत्रामधली आठवडाभराची सुट्टी असून गॉन बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, खास आमच्यासाठी शाळा उघडली. चहा, घरचा ब्रेड, लोणी, जॅम. माझी छाप पडली असणार. बाई पोरांकडे मात्र अशा बघत होत्या, जशी माझी आई सेलमधल्या पडद्यांकडे बघते. तिघांची वयं दोनदा विचारली. माझी नोकरी एकदाही विचारली नाही. बुजऱ्या असाव्यात.
शाळेत शिक्षिका दोनच. सप्टेंबरात पोरं सतरा उरणार. तीस तारखेला सरकारी मोजणी असते, त्यात वीस भरली नाहीत तर दुसऱ्या शिक्षिकेची जागा जाते. ती दुसरी म्हणजे ओर्ला लॅव्हेल, गावातलीच तरुण मुलगी. मेव्हला तिने दहा मिनिटांत खेकडा उचलायला शिकवलं. मागून धरायचा, म्हणे.
निघताना बाईंनी विचारलं, मग सप्टेंबरात येताय ना? मी म्हणालो, देवाच्या कृपेने येतोच, नावं लिहूनच ठेवा. तोंडावर नाही कसं म्हणणार? ब्रेड खाल्ला होता.
गाडीत डर्व्हलाने विचारलं, खरंच जायचंय का? म्हटलं, अगं, ती बोलायची पद्धत असते. अर्ध्या वाटेवरचं लाँगफर्ड येईपर्यंत ती बोलली नाही. दमली असेल.

१३ एप्रिल, बुधवार, पोर्टगॅरव्ह
गाव दुसरं, त्याच खाडीवर, वीस मैल पुढे. (मार्च गेला. पण घाईघाईत ठरवलेल्या गावात आयुष्य काढायचं म्हणजे काय?) इथली शाळा मोठी. मास्तर रुआन शाळाही चालवतात आणि फुटबॉल क्लबही. काहलला पाच मिनिटं गोलमध्ये उभं केलं आणि लगेच क्लबची जर्सी अंगावर चढवली. मग आम्हाला धुरी दिलेला बांगडा खाऊ घातला. मग तिघांच्या जन्मतारखा लिहून घेतल्या. मास्तर म्हणाले, यायचं नक्की ना? मी म्हणालो, आलोच म्हणून समजा.
डर्व्हलाने टेबलाखालून पाय मारला. माणूस बांगडा चावत असताना असं करू नये.
संध्याकाळी बेरीज केली. किलव्हारा ११८, पोर्टगॅरव्ह ११८. अठरावा रकाना वाढवला : माझ्याबद्दलचा आदर. दोन्ही गावांना नऊ.

८ मे, रविवार
मला प्रचंड मागणी आहे. गॉन बाईंचा दर रविवारी फोन. मास्तरांचा दर बुधवारी. दोघांनाही गोड बोललो. दोन गावं माझ्यासाठी झुरतायत, असं डर्व्हलाला म्हटलं. ती म्हणाली, अरे, तुझ्यासाठी नाही, पोरांसाठी. एकाला तरी स्पष्ट नाही सांग, त्या लोकांचे हाल करू नकोस. सांगणार आहे. आधी दोन्ही गावं ओहोटीच्या वेळी बघायला हवीत. भरतीला कुठलंही गाव चांगलं दिसतं.

१९ जून, रविवार
पोहण्याचा सराव. डब्लिनमधल्याच क्लॉन्टार्फच्या किनाऱ्यावर गेलो. घोट्यापर्यंत उतरलो. गुडघा आधीपासूनच दुखतोय, नाहीतर आणखी गेलो असतो. एक सत्तरीच्या बाई शेजारून पोहत गेल्या आणि म्हणाल्या, आत आलं की छान वाटतं हो. सांगायला काय जातंय.
जेवताना डर्व्हला काहीतरी सांगत होती, दवाखाना, फॉर्म, सही. मी हं म्हटलं. डोक्यात वाऱ्याचे आकडे होते. तिने परत विचारलं, ऐकलंस ना नीट? मी परत हं म्हटलं.

१६ जुलै, शनिवार
खाडीवरचा म्हातारा पोस्टमन वारला. गॉन बाईंनी फोन करून कळवलं, आज माती आहे. मी त्याला आयुष्यात एकदा पाहिलं होतं, सायकलवर, लांबून. पण मयताला गेलंच पाहिजे. शिवाय ओळखी वाढवायला यासारखी जागा नाही. पाचही जण गेलो.
चर्चमध्ये रांगेत उभं राहून सगळ्या नातेवाइकांचे हात हातात घेतले, फार वाईट झालं म्हणालो. उत्तम जमलं. मग हॉलमध्ये चहा आणि हॅम सँडविच.
सँडविचच्या टेबलाच्या एका बाजूला गॉन बाई. दुसऱ्या बाजूला मास्तर रुआन. सगळी खाडी मयताला येणार, हे माझ्या तक्त्यात नव्हतं.
बाई मोठ्या कौतुकाने मास्तरांना म्हणाल्या, ही बघा आमची नवी मंडळी. मास्तर म्हणाले, तुमची? आमची. नेमकं तेव्हाच काहलला उकडलं आणि त्याने कोट काढला. आत पोर्टगॅरव्हची जर्सी.
बाईंनी पर्स उघडून घडी घातलेला कागद काढला. मास्तरांनी आतल्या खिशातून वही काढली. दोन्हीकडे तीच तीन नावं. मास्तरांकडे जन्मतारखांसकट. हॉलमधले चमचे थांबले. पोस्टमनची बायकोसुद्धा रडायची थांबून बघायला लागली. मेव्हने सगळ्यांना ऐकू जाईल असं समजावून सांगितलं की डॅडी सगळ्यांनाच हो म्हणतात.
मी म्हणालो, दोन्ही गावांच्या आपापल्या जमेच्या बाजू आहेत. आणि तक्त्याचा उल्लेख केला. का केला, कोण जाणे. बाईंनी शांतपणे विचारलं, आम्हाला किती मिळाले? मी सांगितलं, ११८. आदर धरून १२७.
मास्तर हसायला लागले. त्यांच्या शाळेत पोरं भरपूर आहेत, त्यांना फक्त गोलकीपर हवा होता. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, ओर्लाला मे महिन्यात गॉलवे शहरातली नोकरी आली होती. मीच तिला थांबवलं. म्हटलं, माणूस शब्द देऊन गेलाय.
ओर्ला तिथेच होती, चहाचे कप गोळा करत. माझाही उचलला आणि थँक्यू म्हणाली.
सँडविच तसंच बशीत ठेवलं. मला माझी लाज वाटली. हे लिहून ठेवतो, कारण उद्यापर्यंत मी याला काहीतरी कारण शोधून काढीन.

१७ जुलै, रविवार
लोकांनी बोलण्याच्या पद्धतीला शब्द समजू नये. तरीही.
काल परतीच्या वाटेवर डर्व्हला लाँगफर्डपर्यंत बोलली नाही. लाँगफर्डनंतर बोलली. किलव्हाराच्या दवाखान्यात तिला नर्सची नोकरी मिळून महिना झाला. घर बघून झालंय. शाळेच्या फॉर्मवर तिघांची नावं आणि तिची सही आहे. माझ्या तोंडी शब्दावर बाई बसून राहतील म्हणून तिनेच तो जूनमध्ये पाठवला. मास्तरांना मी कळवेन असं मी म्हणालो होतो, म्हणे. आणि हे सगळं तिने एकोणीस जूनला जेवताना मला सांगितलं होतं. डायरी मागे उलटून पाहिली. हं म्हटल्याची नोंद आहे.
फोन करून बाईंना सॉरी म्हणालो. बाई म्हणाल्या, तुमची बायको सही करून मोकळी झाली होती, म्हणून काल मी निर्धास्त होते. तुम्हालाच ठाऊक नाही हे कालच कळलं.
थोडक्यात, तक्त्याचा कौल शेवटी किलव्हाराच्याच बाजूने गेला. ऊनाने एकोणिसावा रकाना वाढवलाय. वर लिहिलंय ‘मम्मी’. किलव्हारा दहा, पोर्टगॅरव्ह शून्य.

२९ ऑगस्ट, सोमवार, किलव्हारा
सामान लागलं. खिडकीतून समुद्र दिसतो. पोहणं उद्यापासून, टॉवेल कुठल्या खोक्यात आहेत ते सापडलं की.
दुपारी बॉसचा फोन. पुढच्या सोमवारपासून आठवड्यातले चार दिवस सगळ्यांनी ऑफिसात यायचं. घरून काम करण्याबद्दल बॉसशी कधी बोलला होतास का, असं डर्व्हलाने विचारलं. तसं स्पष्ट नव्हतो बोललो. तो नाही म्हणाला असता तर?

१४ सप्टेंबर, बुधवार, डब्लिन
आईकडे. लग्नाआधीचीच खोली, लग्नाआधीचेच पडदे. व्यवस्था तात्पुरती. आई विचारते, डबा देऊ का?
फोन केला. काहल प्रॅक्टिसला गेला होता. गोलकीपर तो पोर्टगॅरव्हचाच राहिलाय, बाई आणि मास्तरांनी आपसात ठरवलं. मला कोणी विचारलं नाही. ऊनाला वेळ नव्हता. मेव्हने आज पकडलेल्या खेकड्यांची नावं सांगितली, मग चालू फोन खिडकीत ठेवून गेली आणि परत आलीच नाही. अकरा मिनिटं लाटा ऐकल्या. सोमवारपासून त्यांचा आवाज ऐकला नव्हता.

३० सप्टेंबर, शुक्रवार, किलव्हारा
मोजणीचा दिवस. पहाटे पाचला डब्लिनहून निघालो. सूट, टाय. खिशात छोटंसं भाषण, दोन पानी : शब्द, गाव आणि जबाबदारी.
बाई मोजत होत्या. एकोणीस. परत मोजली. एकोणीस. ओर्ला भिंतीला टेकून उभी होती, तिचा चेहरा बघवेना. तेवढ्यात मेव्ह संडासातून आली, हात न धुता. वीस.
बाईंनी आकडा लिहिला, पेन खाली ठेवलं आणि डर्व्हलाचे दोन्ही हात धरले. ओर्ला रडली. मलाही भरून आलं. घसा साफ केला आणि खिशात हात घातला. बाई म्हणाल्या, पालकांनी आता बाहेर जायचं, गणिताचा तास आहे. ओर्लाने हसून दार लावलं. डर्व्हला दवाखान्यात गेली.
दुकानात गेलो. दुकानदार मार्टिन जोने गल्ल्यावरून विचारलं, सुट्टीवर आलात का? रविवारपर्यंत आहे म्हटलं. म्हणाला, हवा चांगली मिळाली तुम्हाला. पाण्यात उतरा की, पाहुणे सगळे उतरतात.
उतरलो. सुटातच, पँट दुमडून. गुडघ्याच्या वर गेलो, एवढं कधी गेलो नव्हतो. शाळेची मधली सुट्टी झाली होती. पोरं कुंपणाच्या भिंतीवर ओळीने बसून बघत होती. एका पोराने विचारलं, हा कोण गं? मेव्हने लांबून हात हलवला आणि त्याला मोठ्याने सांगितलं, ते माझे डॅडी, ते डब्लिनला राहतात.
एका लाटेने भाषण पँटच्या खिशातच भिजलं. दोन्ही वाळत घातली आहेत.