कालची भाकर

बनी पार्क, जयपूर
३ एप्रिल १९८६

ती. आजीस, तुझ्या लताचा सप्रेम जयभीम.

आम्ही दोघं खुशाल. पण काल मी घरमालकिणीशी, खालच्या दादीसाशी, वाकडं घेऊन बसले. तिने सकाळी ताट पाठवलं. थंडगार पुऱ्या, ताक-बाजरीची राबडी, दहीभात. वर निरोप, की बासी आहे, कालचं आहे, खाऊन घे. ‘बासी’ ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. वाटलं, हिला आपली जात कळली. भरलं ताट तसंच नेऊन तिच्या उंबऱ्यावर आदळलं.

मग शेजारच्या द्वारकाताईंनी सांगितलं, की काल बासोडा होता, शीतलामातेचा सण. त्या दिवशी चूल पेटवत नाहीत, अख्खं जयपूर आदल्या दिवशीचं खातं. चाकसूच्या जत्रेत देवीलासुद्धा शिळंच. म्हणजे मला आलं ते देवीच्या पंगतीतलं होतं!

आता दादीसा बोलत नाही. रेल्वेचं क्वार्टर मिळेपर्यंत बाबासाहेबांचा फोटो आतल्या खोलीतच ठेवू, असं ह्यांनी आधीच बजावलं होतं. आता म्हणतात, माफी माग, नाहीतर सामान बांध. पण माफी मागायची तर कारण सांगावं लागणार, आणि कारण सांगितलं की जात सांगितल्यासारखंच. मी काय करू?

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
तुझी, लता

बडनेरा
८ एप्रिल १९८६

चि. लतास भागुबाईचे अनेक आशीर्वाद. पत्र शेजारचे शामराव लिहितात. ते माझं बोलणं शुद्ध करतात, तेव्हा पत्र एखाद्या मास्तरणीचं वाटेल.

पोरी, हसून हसून माझे उरलेले चार दात दुखले. तिकडच्या लोकांना शिळं खायला सण लागतो! मी तुझ्या वयाची होईपर्यंत बारा महिने तोच सण केला, फक्त देवीचा पत्ता माहीत नव्हता. (इथे भागुबाईंनी देवीबद्दल एक शब्द सांगितला, तो मी गाळला आहे. – शामराव)

चूक तुझीच. आलेलं ताट भरलेलं परत करू नये आणि रिकामंही परत धाडू नये, हे शिकवलं होतं ना? पण माझी आजी आणखी एक सांगायची. कुणी आपल्याला खायला घातलं, यात काय मोठं? लोक कुत्र्यालाही घालतात. आपल्या हातचं खातात का, ते बघायचं.

तेव्हा चौदा तारखेला तुझ्या लग्नातलं पितळी ताट घेऊन खाली जा. आज कुणाची जयंती ते आधी सांग, मग ताट ठेव. गोड नेऊ नकोस, गोड कुणीही गिळतं. आदल्या दिवशीच्या भाकरीचा कुस्करा कर, कांदा आणि लाल मिरची सढळ हाताने. खाल्लं तर बाई आपली. नाही खाल्लं तर सामान बांध, आणि ताट मात्र विसरू नकोस, चांगलं जड आहे.

तुझ्या नवऱ्याला, सुखदेवला सांग, फोटो बाहेर लाव. भाडेकरू तू आहेस, बाबासाहेब नाहीत.

शिव्या दिल्या त्या जीव आहे म्हणून. जीव तसाच आहे.
भागुबाई

बनी पार्क, जयपूर
१५ एप्रिल १९८६

ती. आजीस जयभीम.

काल गेले. आधी दोनदा अर्ध्या जिन्यावरून परत फिरले. (शामराव, हे मोठ्याने वाचू नका.) दादीसा अंगणात खाटेवर बसली होती. मी सगळं सांगून टाकलं. जयंती कुणाची, आम्ही कोण, ताट का आदळलं. तिची सून दारातून आत पळाली. दादीसाने वाकून ताट निरखून बघितलं. मला रागही आला आणि रडूही. शेवटी तिने विचारलं, की हे आजचं आहे का. मी सांगितलं, कालचं. मग एक घास घेतला, मग दुसरा, आणि मिरचीने वाहणारं नाक पदराला पुसत सगळं संपवलं. मग ताट घेऊन तशीच आत निघून गेली. मी रात्रभर तळमळले.

आज सकाळी ती धापा टाकत स्वतः जिना चढून आली. आमच्या घरात पहिल्यांदाच. ह्यांनी कालच बाहेर लावलेल्या फोटोखाली बसली आणि म्हणाली, की तिची दादी बाजरीच्या रोटीचं असंच करायची, पण लसूण घालून. लसणावाचून करणाऱ्या तुला काडीचं येत नाही, असं तिचं मत आहे. उत्तर लवकर पाठव, ती वाट बघते आहे.

तुझ्या शिव्यांची गोडी अशीच राहू दे.
तुझी, लता

ता. क. ते पितळी ताट तीच घेऊन आली. रिकामं नव्हतं. त्यात कालच्या दोन रोट्या होत्या, आणि आज कुठलाच सण नाही.