गरीब उशिरा उठतो

२ फेब्रुवारी
व्यापारी मंडळाच्या वार्षिक सभेत माझं भाषण ठरलं. विषय मीच सुचवला: ‘गरीब गरीब का राहतो?’ दोन मुद्दे. एक, गरीब उशिरा उठतो. दोन, सरकारने कशातही लुडबुड करू नये. चांगलं बोललात तर उपाध्यक्षपद तुमचंच, असं अध्यक्ष म्हणाले. उद्यापासून पाचला उठून लेखन.

३ फेब्रुवारी, सकाळी सव्वानऊ
गजर वाजला होता. पण पडल्या पडल्या विचार चालू होता, आणि विचार हेही कामच.

५ फेब्रुवारी
मेहुणा जेवायला आला. प्राध्यापक, त्यातून डाव्या विचारांचा. गरिबीला व्यवस्था जबाबदार; भाजी अळणी झाली तरी बहुधा व्यवस्थाच. त्याला म्हटलं, मी ही लाँड्री शून्यातून उभी केली. म्हणाला, “बाबांनी तुम्हाला दुकान दिलं तेव्हा त्या शून्यात चार इस्त्र्या होत्या, भाऊजी.”
सासऱ्यांनी दुकान दिलं, मान्य. पण शटर रोज कोण उघडतं? (इस्त्रीवाला. पण किल्ली माझी आहे.)

९ फेब्रुवारी
इस्त्रीवाल्याने पगारवाढ मागितली. अठरा वर्षं आहे दुकानात. भाषणाला उदाहरण आयतंच चालून आलं. किती वाजता उठतोस, विचारलं. चारला म्हणाला, नळाला पाणी तेव्हाच येतं. याला अपवाद धरला. मग तू गरीब का, असं खोदून विचारलं.
“तुम्ही पगार देता तेवढाच ना, शेठ.”
विनोदी माणूस. त्याला समजावलं की वाढ मागणं हा नोकराचा स्वभाव. हिंमत असेल तर स्वतःचा धंदा काढावा. भाषणाची एक प्रतही दिली. डोळे भरून आले त्याचे. किंवा वाफेने असेल.

१६ फेब्रुवारी
इस्त्रीवाला गेला. समोरच्याच फुटपाथवर टेबल मांडलंय, हाताशी बायको. मोठ्या मनाने शुभेच्छा दिल्या. आठ दिवसांत नाक मुठीत धरून परत येईल.

२४ फेब्रुवारी
गिऱ्हाईक सगळं तिकडे. कुणाला कॉलर कडक लागते, कुणाला बाहीवर घडी खपत नाही, सगळं त्याला तोंडपाठ. आमच्याकडे वहीत कुठेच नाही. याला धंदा नाही, पळवापळवी म्हणतात. फुटपाथ मोकळा करावा म्हणून पालिकेला अर्ज लिहिला. ही लुडबुड नव्हे, दखल.
मेहुण्याला फोन करून व्यवस्थेविषयी थोडी माहिती विचारली. बराच वेळ हसत होता. शिकलेल्या माणसांना कशाचं गांभीर्य नाही.

२७ फेब्रुवारी
या पगारात नवा माणूस मिळत नाही. लोकांना कामच नको. शेवटी स्वतः इस्त्री घेतली. पहिलाच शर्ट अध्यक्षांचा, पांढरा. पाठीवर अख्खी इस्त्री उमटली, टोकासकट. कापडच हलकं. ही म्हणाली, “चारातली एक तरी चालवायला शिकला असतात.” माहेरचीच बाजू घेणार.

१ मार्च, दुपारी
सभा दहाची. आज आठलाच उठलो! कोट बघतो तर चुरगळलेला. घरात इस्त्रीला हात लावायचा नाही, असा हिचा हुकूम. नाइलाजाने समोरच्या टेबलापाशी गेलो. ही भली मोठी रांग. इस्त्रीवाल्याच्या बायकोने चिठ्ठी हातात दिली: नंबर तेवीस. म्हटलं, बाई, मी घरचाच माणूस. इस्त्रीवाल्याने मान वर न करता सांगितलं, “लवकर उठेल त्याचा नंबर आधी, शेठ. तुमच्याच भाषणात आहे.”
कोट मात्र सुरेख केला. कॉलर मला आवडते तशीच.
पोचलो तेव्हा बारा वाजायला आले होते. माझं भाषण ऐकायला आलेल्या मेहुण्यालाच माझ्या जागी उभं केलं होतं. व्यवस्थेवर बोलला, टाळ्या पडल्या, व्यापाऱ्यांच्या! उपाध्यक्षपद बेकरीवाल्याला गेलं. अध्यक्ष माइकवरून म्हणाले म्हणे, “आमचे वक्ते अजून उठले नसावेत.” सभागृह हसलं.
मी दोन तास भर उन्हात रांगेत उभा होतो. माणूस मागे का राहिला, हे त्याला न विचारताच लोक ठरवून मोकळे होतात.
भाषण जपून ठेवलंय. पुढच्या वर्षी वाचेन. एक शब्दही बदलायची गरज नाही.