मयताने स्वतः सहीनिशी कळवावे

ताम्पेरे,
नोव्हेंबरातला एक ओला मंगळवार

तीर्थस्वरूप हेल्वीताईस,

धाकट्या ओस्मोचा नमस्कार पोचावा. गुडघे कसे आहेत? मांजर जेवायला लागलं का? दारातला बर्फ उपसायला शेजारचा तो कुरकुऱ्या येतो, की यंदाही तूच फावडं घेऊन उतरतेस? इकडे मी बरा आहे, म्हणजे डॉक्टरीणबाईंच्या भाषेत 'वयाच्या मानाने' बरा आहे. त्यांच्या मते रक्तदाब जास्त आहे आणि माझ्या मते उत्साह कमी आहे, तेव्हा सरासरी ठीक निघते. पत्र अशासाठी लिहितोय की फोनवर आपण दोघं कसं बोलतो ते तुला ठाऊक आहे. मी 'हं' म्हणतो, तू 'हं' म्हणतेस, मग दोघंही एकमेकांचा श्वास ऐकत बसतो आणि महिन्याभराचं बोलणं झालं म्हणून समाधानाने फोन ठेवतो. आजचं प्रकरण 'हं'मध्ये मावणारं नाही.

तर गेल्या आठवड्यात आमच्या खारनाण्याचा वाढदिवस झाला. नाक मुरडू नकोस, पुढे वाच. खारनाणं म्हणजे तेच ते संगणकावरचं आभासी नाणं, ज्याच्यापायी दाजींनी त्या पहिल्या हिवाळ्यात तुझ्या कपडे वाळवायच्या खोलीत संगणकांची चळत उभी केली आणि ते दिवसरात्र घोंघावत नाणी खणत बसले. (हातात धरता येत नाही, खिशात वाजत नाही असलं नाणं खणायला फावडं लागत नाही, वीज लागते. ते बिल तू भरलंस, याची नोंद इतिहासात कुठेही नाही.) खोली इतकी तापायची की तू तिथे दोऱ्या बांधून मशरूम वाळवलेस, आणि बाहेर झाडं गोठून तडकत असताना दाजी खिडकी सताड उघडून बनियनवर बसायचे. आपले पणजोबा खारींची कातडी देऊन मीठ आणत, म्हणून नाण्याला खारीचं नाव. कल्पना दाजींनाच फार आवडली होती. आता त्या नाण्याला बाजारात कुणी हुंगतसुद्धा नाही. पण इंटरनेटवरचा आमचा कट्टा अजून चालू आहे, जुनी वीसेक टाळकी अजून तिथे पडीक असतात आणि त्यांचा पहारेकरी मी. माझं काम काय, तर टक्कल घालवण्याच्या जाहिराती पुसायच्या (ज्या पुसण्याआधी मी नीट वाचतो), भांडणं सोडवायची आणि दर वाढदिवसाला 'तुम्हाला काय काय आठवतं?' असा धागा उघडायचा. ताई, खरं सांगू, मला आता काहीही आठवायचा कंटाळा येतो. पण नाही उघडला तर तीच मंडळी विचारतात की पहारेकरी मेला की काय.

आठवणींचं असं आहे की त्या दरवर्षी वाढतात. खारनाण्यात झालेली पहिली खरेदी म्हणजे कायानीच्या बाजारातल्या एका टपरीवर घेतलेलं सॉसेजचं एक वेटोळं. हे घेतलं दाजींनी, टपरीवाला त्यांच्या ओळखीचा होता, आणि तो बिचारा केवळ भिडेखातर 'बरं, द्या तुमची ती खार' म्हणाला. मी तिथे हजर होतो. पण कट्ट्यावर पाचेक वर्षांत त्या सॉसेजचा धुरावलेला मासा झाला, पुढे माशाबरोबर बिअरचा क्रेट आला आणि यंदा 'लोखंडी बेडूक' नावाच्या सभासदाने शपथेवर लिहिलं की ते अख्खं रेनडिअर होतं आणि ते घसरगाडीवरून घरी नेताना त्याने स्वतः मागून ढकललं होतं. (हा बेडूक त्या वर्षी शाळेत होता, असा माझा दाट संशय आहे. पण कट्ट्यावर कुणाला वय विचारायचं नाही.) दरवर्षी असा गोंधळ माजला की दाजी शांतपणे एक ओळ टाकायचे, 'सॉसेज होतं. करपलं होतं.' बस्स. एवढंच लिहायचे आणि पुढच्या वाढदिवसापर्यंत गप्प. कट्ट्यावर त्यांचं नावच 'मुका मासा' होतं. त्या ओळीवर सगळे हसायचे आणि वाढदिवस झाला असं समजून आपापल्या कामाला लागायचे.

यंदा ती ओळ आली नाही. येणार कुठून? दाजींना आपण मार्चमध्ये पोचवून आलो. पण हे तुला ठाऊक, मला ठाऊक. कट्ट्यावर कुणालाच ठाऊक नाही. दोन दिवस वाट पाहून झाल्यावर 'उणे चाळीस' नावाचा एक गृहस्थ (नावाप्रमाणेच स्वभाव) चौकशीला लागला. आता या नाण्याची गंमत अशी की कुठल्या बटव्यातून (बटवा म्हणजे ज्याचं त्याचं संगणकातलं खातं) किती नाणी कुठे गेली ते साऱ्या जगाला दिसतं, फक्त बटवा कुणाचा ते दिसत नाही. पण मुक्या माशाचा बटवा पहिल्या सॉसेजमुळे सगळ्यांना माहीत. उणे चाळीसने पाहिलं तर बटवा रिकामा. फेब्रुवारीत सगळी नाणी एका अनोळखी बटव्यात गेलेली. झालं. त्याने लिहिलं, 'मुका मासा गुपचूप विकून मोकळा झाला. आता स्पेनमध्ये वाळूवर पालथा पडून पाठ भाजत असेल. आणि आपण मूर्ख त्याच्या सॉसेजच्या आरत्या ओवाळतोय.'

ताई, तुला हे कसं समजावू? आमच्या कट्ट्यावर दारू पिऊन शिवीगाळ केलेली चालते, बायको सोडून गेलेली चालते, एकजण तुरुंगात जाऊन आला त्याला आम्ही केक पाठवला. पण गुपचूप विकून पळालेला माणूस म्हणजे तिथे अस्पृश्यच. त्याचं नाव जुन्या धाग्यांतून पुसून काढतात. लोखंडी बेडकाने तर कामाला सुरुवातही केली आहे. आता पहिल्या खरेदीच्या इतिहासात रेनडिअर आहे आणि दाजी नाहीत. मला रागापेक्षा थकवा जास्त आला. एवढी वर्षं ज्याचं मीठ-सॉसेज खाल्लं त्याला एका दुपारीत चोर ठरवायला वीस शहाणे तयार, आणि पहारेकरी म्हणून त्या धाग्यावर 'कृपया भाषा सभ्य ठेवा' एवढंच लिहिणारा मी.

तू म्हणशील, अरे मेल्या, सांगून का टाकत नाहीस? तर तिथेच खरी मेख आहे. कट्ट्याचा पहिला नियम असा: कुणाचंही खरं नाव, गाव, हयाती वा मृत्यू दुसऱ्याने सांगायचा नाही, ज्याचं त्याने, स्वतःच्या बटव्याच्या गुप्त किल्लीने सही करून सांगायचं. म्हणजे माणूस मेला असेल तर ते मयताने स्वतः सहीनिशी कळवावं. हसू नकोस, तेव्हा आम्हाला यात काही चुकतंय असं वाटलंच नव्हतं. आम्ही सगळे तिशी-चाळिशीतले, मरण म्हणजे दुसऱ्यांच्या वडिलांना येणारी गोष्ट. आणि हा नियम कुणी मांडला, तर दाजींनी. तुझ्याच स्वयंपाकघरात, तुझा वेलचीचा पाव खात. मी अनुमोदन दिलं, कारण माझं तोंड भरलेलं होतं आणि मान हलवणं सोपं होतं.

नियम मोडावा म्हटलं तर तेही जमेना. मी उगाच सांगितलं तर मंडळी म्हणणार, पुरावा दे. पुरावा म्हणून चर्चचा दाखला दिला तर म्हणणार, दाखल्यावर आहती नावाचा कुणी म्हातारा आहे, तो मुका मासाच कशावरून? आणि तो माझा मेहुणा आहे असं सांगितलं, तर संपलंच, म्हणणार दोघांनी मिळून विकलं. मग मी नियम बदलण्याचा ठराव मांडला. नियम बदलायला सगळ्या जुन्या सभासदांची संमती लागते. एक सोडून सगळ्यांची आली आहे. मुक्या माशाची येणं बाकी आहे.

मग मी आडून सुचवायचा प्रयत्न केला. (या वयात मला आडून बोलणं जमत नाही, पण इलाज नव्हता.) लिहिलं, 'काही मासे इतके खोल जातात की पुन्हा वर येत नाहीत.' तासाभरात तिघांनी याचा अर्थ असा लावला की बडे मासे नाणी दाबून बसलेत, म्हणजे भाव वर जाणार. एकाने तर खरंच खारनाणी विकत घेतली. दुपारभर भाव चढलाही, जो गेल्या कित्येक वर्षांत चढला नव्हता, आणि संध्याकाळी उणे चाळीसने मला खासगीत विचारलं की तुला आतली बातमी कुठून मिळते. मी संगणक बंद केला आणि बटाटे उकडायला ठेवले.

आता यातलं सगळ्यात वाईट सांगतो. अंत्यविधीनंतरच्या कॉफीला तू मला सहज म्हणाली होतीस, 'शेवटच्या आठवड्यांत तो एका बोटाने त्या लॅपटॉपवर काहीतरी टाइप करत बसलेला असायचा. नर्स म्हणाली, नातवंडांना पैसे पाठवतायत वाटतं. मी म्हटलं, आम्हाला कुठली नातवंडं.' मी तेव्हा आणखी एक कप कॉफी ओतून घेतली. परवा ते एकदम आठवलं आणि मी तारखा जुळवून पाहिल्या. दाजींनी जन्माच्या सवयीने आधी सगळी नाणी एका नव्या, बिननावाच्या बटव्यात हलवली आणि मग तिथून कट्ट्यावरच्या एकेका जुन्या माणसाला सारखा वाटा पाठवला. उणे चाळीसला, लोखंडी बेडकाला, तुरुंगातून आलेल्याला, सगळ्यांना. आणि या दिव्य मंडळींनी त्याचं काय केलं? अनोळखी बटव्यातून आपणहून नाणी आली म्हणजे ते आमिष, हात लावाल तर लुबाडले जाल, असं आमच्यात लहान मुलालाही ठाऊक असतं. त्यांनी एकमेकांना सावध केलं, त्यावर लाल फुली मारली आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झाले. ते आमिष अजून तसंच पडून आहे, आणि तो बटवा माशाचाच असं मी दाखवलं तर म्हणणार, पाहा, पळून भागलं नाही म्हणून आता गळ टाकतोय. म्हणजे ताई, ज्याने सगळं त्यांनाच वाटून टाकलं, त्याला ते चोर म्हणतायत, आणि त्याने दिलेलं त्यांच्या खिशात आहे.

असो. मला आता या सगळ्याचा उबग आला आहे. कट्टा बंद करून टाकावा, मासेमारीला जावं, मासे तरी बोलत नाहीत, असं रोज सकाळी वाटतं. दुपारी पुन्हा जाऊन टकलाच्या जाहिराती पुसतो. तू स्वतःला जप, रात्रीची गोळी विसरू नकोस आणि पायऱ्यांवर वाळू टाकत जा. उत्तराची घाई नाही, दिवस असेही लवकर मावळतात.

तुझा,
ओस्मो

ता. क. मागच्या कार्डावर तू लिहिलं होतंस की दाजींचं सामान चर्चच्या जुन्या बाजारात देणार आहेस. कोट दे, बूट दे, स्की तर जरूर दे. लॅपटॉप तेवढा ठेव, दाजींच्या बटव्याची गुप्त किल्ली त्यातच आहे. तो चालू केलास की कोपऱ्यात खारीचं चित्र दिसेल, ते दाबायचं, 'सही करा' असं येईल, तिथे खाली लिहिलेलं वाक्य जसंच्या तसं टाइप करायचं आणि जे गिचमिड येईल (तीच त्यांची सही) ते कागदावर उतरवून मला पाठवायचं. वाक्य मी बरंच खोडून तयार केलंय: 'मी मेलो आहे. काही विकलेलं नाही. तुम्हालाच वाटून टाकलं.' दाजींनी याहून एक शब्द जास्त लिहिला नसता. तुला त्यांच्या नावाने हे लिहिणं जड जाईल, हे मला कळतं. नको वाटलं तर नको करूस, मी रागावणार नाही. पण त्यांना कुणी चोर म्हटलेलं मला सहन होत नाही, ताई, म्हणून विचारलं.

ता. क. २. खोटं कशाला बोलू, मासेमारीला मी जाणार नाही. माझ्याकडे गळसुद्धा नाही.

ता. क. ३. हे पत्र मी दोनदा पाकिटात घालून बाहेर काढलं, ते या एका गोष्टीसाठी. दाजींनी सगळ्यांना वाटा पाठवला, मला नाही. माझा बटवा मी पुन्हा पुन्हा उघडून पाहिला, त्यात काहीच आलेलं नाही. पैशाचं नाही गं, त्या सगळ्यात मिळून एक कॉफी आली असती. पण त्या बेडकाला मिळालं आणि एके काळी रोज तुमच्या टेबलाशी बसणाऱ्या मला नाही. बटव्याचा लांबलचक पत्ता एका बोटाने टाइप करताना एखादं अक्षर हुकतं, नाणी भलतीकडेच जातात, असं होतं पुष्कळदा. शेवटी शेवटी माझ्याबद्दल काही म्हणाले होते का? अक्षरच हुकलं असेल तर तसं कळव. आणि तसं नसेल, तरी तसंच कळव.