कानात सांगितलेलं नाव

१२ मार्च २००३
संपतच्या पोराचं बारसं. आत्या मी, नाव मीच ठेवणार. कंपनीत रजा टाकून वडगावला आले. चार दिवस ताप होता, काल उतरला आणि ओठावर मुतला. ओठ फोडांनी भरलाय. आई म्हणाली, "ताप मुतला म्हंजी गेला." बाळाच्या उजव्या कानाला तोंड लावून 'स्वराज' म्हणाले. बायकांनी पाठीत असे धपके घातले की ओठ कानावर आपटला. हसून हसून पोट दुखलं.

२० मार्च
संपतचा फोन. बाळ दूध ओढेना, निपचित पडलंय. उजव्या कानामागं पाण्याचे फोड. आई म्हणते कांजण्या, लिंबाचा पाला ठेवा. मी ओरडले — आधी शिरूरला न्या!

२१ मार्च
शिरूरहून लगेच पुण्याच्या दवाखान्यात पाठवलं, मीही तिथंच पोचले. जीपमध्ये झटके आले. तीन आठवड्यांचं पोर! मणक्यातलं पाणी काढलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हर्पीसचा विषाणू वाटतोय, मेंदूपर्यंत गेलाय. रिपोर्टची वाट न बघता औषध चालू — शिरेतून, दिवसातून तीनदा, एकवीस दिवस. संपतनं विचारलं, वाचंल का? त्या सलाईनची नळी तपासायला वळल्या.

२२ मार्च
डॉक्टरीणबाईंनी संपतच्या बायकोला, अनिताला, आत नेऊन विचारलं, तुम्हाला किंवा मालकांना खाली कधी फोड आले होते का? आईनं दाराआडून ऐकलं. तेव्हापासून एकच — "हिच्याच अंगातली घाण." संपत बायकोकडं बघत नाही. अनिता रडतसुद्धा नाही.

संध्याकाळी बाईंची नजर माझ्या ओठावर. "ही खपली कसली?" ताप मुतला होता, म्हणाले, मला दरवेळी मुततो. त्या म्हणाल्या, हाच तो हर्पीस. मोठ्यांचं चार दिवसांत बरं होतं, एवढ्या लहानाच्या जिवावर बेततं.

कान. मीच!

कुणाला सांगितलं नाही.

२४ मार्च
झटके थांबले. डोळे उघडले त्यानं. जीव वाचेल म्हणतात. मेंदूला काय राहील ते आत्ता सांगता येत नाही.

सगळ्यांसमोर बोलून टाकलं — अनिताचा दोष नाही, माझा. संपत अनिताकडं वळला. आई उठून बाहेर गेली.

२५ मार्च
अनिताचे पाय धरायला गेले. तिनं हात धरले. म्हणाली, "ताई, मी तवाच आईंना म्हणलं व्हतं, वन्संचा ओठ चिघळलाय, लांबनंच नाव घेऊ द्या. आई म्हणल्या, आत्याचा मान हाय, तू मधी बोलू नगं."