वाकड्या माशीची बंदूक

अप्पा, काल मी बर्फावर बंदूक चालवली. खरी, गोळीची, क्लबची. पायाला लांब पट्ट्या बांधून बर्फावरून पळायचं, धाप लागलेली असतानाच पालथं पडून पन्नास मीटरवरचे पाच काळे ठिपके टिपायचे, परत पळायचं, मग उभ्याने पाच. जेवढे चुकतील तेवढे जादा वेढे मारायचे. याला बायथलॉन म्हणतात. हसताय ना? ऑस्ट्रेलियात एका डोंगरावरच्या लॉजमध्ये मी सध्या स्वयंपाकी आहे. सकाळचा नाश्ता उरकला की चारपर्यंत मोकळा, आणि मोकळं बसणं मला जमत नाही. आधी इथल्याच कालगुर्ली या खाणीच्या गावात दोन वर्षं काढली, मग वेंटवर्थव्हिलला एका हॉटेलात तंदूर सांभाळला, आता इथे. "बुडाखाली इस्तू ठेवलाय व्हय रं?" असं तुम्ही म्हणायचात, आणि स्वतः मात्र फुगे फोडायचा स्टॉल घेऊन आठ महिने या जत्रेतून त्या जत्रेत. माझी शाळा त्यातच कुठंतरी राहिली.

हंगामाची पहिलीच शर्यत होती. बर्फ अजून पुरता पडलेला नाही, मशीनने मारलेला, कडेला गवत वर आलेलं. सकाळी सगळ्यांनी आपापली बंदूक नेमावर लावून घेतली तेव्हा वारा नव्हता. मी पळत पहिल्यांदा आलो तेव्हा वारा दाखवणारं निशाण फडफडत होतं. पालथा पडलो, नेम धरला, गोळी सोडली. चुकला. दुसराही चुकला. क्लबमधल्या रिटायर्ड नर्सबाईंनी शिकवलं होतं की वारा फिरला की डोळ्याजवळच्या नेमाच्या भोकाशेजारचा स्क्रू फिरवायचा. मी तो विसरलो. बोटं गार पडली होती आणि कानात तुम्ही बोलत होता. "माशी खोटं बोलतीया. तिच्याकडं बघू नको. फुग्याच्या उजव्या कानाला धर." मी ठिपका सोडून त्याच्या शेजारच्या मोकळ्या जागेवर धरला. पडला. मग दुसरा, तिसरा.

आपल्याकडं तीन बंदुका होत्या. त्यातल्या दोन बंदुकांच्या नळीवरची माशी, म्हणजे टोकाचा नेमाचा दाणा, तुम्ही पकडीने जरा वाकवलेली, म्हणजे नेम धरणाऱ्याचा छरा डावीकडं जायचा आणि गिऱ्हाईक चिडून अजून छरे मागायचं. तिसरी सरळ. ती तुम्ही लहान पोरांच्या हातात द्यायचात, नाहीतर बायको शेजारी उभी असलेल्या नव्या नवऱ्याच्या. चेहरा बघून ठरवायचात. मला मात्र कायम वाकडी. मी रडायचो तर म्हणायचात, "सरळ बंदुकीनं कुणीबी मारतंय. त्यात तुझं काय?"

मग तो दिवस येतो. मी अठरा वर्षांचा आहे, पुण्याला हॉटेलात कामाला निघालोय, पिशवी खांद्यावर आहे. तुम्ही फळीजवळ बसून फुगे फुगवताय. मी म्हणतो, "लोकांना फसवून जगता तुम्ही. उद्या मला कुणी विचारलं बाप काय करतो, तर काय सांगू?" तुम्ही माझ्याकडं बघताय. गाल फुगलेले, तोंडात लाल फुगा. तो काढून बोलता आलं असतं. तुम्ही फुगवतच राहिलात, गाठ मारलीत, फळीला बांधलात आणि पुढचा घेतलात. तुम्ही गेलात तेव्हा मी कालगुर्लीत होतो. सुटी मिळवून, पर्थला पोचून, विमान धरून घरी येईपर्यंत दहावा होऊन गेला होता. स्टॉलचं सामान काकांनी कुणाला देऊन टाकलेलं. त्या सरळ बंदुकीला एकदा हात लावायचा होता, बाकी काही नाही.

काल शेवटून दुसरा आलो. दोन जादा वेढे पालथ्याचे, एक उभ्याचा. तरी नर्सबाई खूश होत्या. नंतर शेडमध्ये सूप-पाव खाताना त्यांनी इथल्यासारखं "मेट", म्हणजे दोस्ता, म्हणून विचारलं, "स्क्रूला हात न लावता पाडलेस कसे?" मी म्हटलं, "वडिलांनी शिकवलं." खूप दिवसांनी तुमच्याबद्दल खरं काही माझ्या तोंडून आलं अप्पा. तेवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. पण क्लबात नाव घालताना मी त्यांना एक सांगून ठेवलंय. बंदूक कुठे शिकलास असं विचारल्यावर म्हटलं होतं, वडील आर्मीत होते. ते त्यांच्या पक्कं लक्षात होतं. त्या सगळ्यांकडे वळून म्हणाल्या, "याचे वडील सोल्जर होते. रक्तातच आहे." सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. एकाने पाठीवर थाप मारली.

सांगायला किती सोपं होतं. जत्रा, फुगे, वाकडी माशी. ते हसले असते, त्यांना आवडलंही असतं.

हे मी किचनमधल्या ऑर्डरच्या कागदांच्या पाठीवर लिहितोय, पाठवायचा प्रश्नच नाही. पण एवढं तुम्हाला कळू दे. नर्सबाई सोल्जर म्हणाल्या तेव्हा माझ्या तोंडात पावाचा घास होता, म्हणून मी बोललो नाही, नुसती मान हलवली. घास केव्हाच संपला होता अप्पा. मी तरी चावतच होतो.