भोगवटादार

६ जानेवारी
आलो एकदाचा घरमालक होऊन. विसरवाडीच्या अलीकडे, हायवेपासून चालत दहा मिनिटांवर चार खोल्यांची ही ओळ. पुढे ओटा, मागे बोअर, वर पत्रे. नाशकात फ्लॅटचा भाव जास्त आणि भाडं कमी, इथे उलट. एका खोलीत तूर्त मी, बाकीच्या पोल्ट्रीतल्या लोकांना आणि मास्तरांना भाड्याने. कर्ज काढून वर मजला चढवायचा, हप्ता भाड्यातूनच सुटेल. रुचिकाला मात्र वाटतं, नवऱ्याने पीएफ मोडून पत्रे विकत घेतले. विकणारे इंद्रसिंग खरेदीखतावर सही झाल्यावर आधी रडले, मग हसले. म्हणाले, "हाई घर तुमले सोडाव नही." घर मला सोडणार नाही म्हणजे शकुन चांगला म्हणायचा.

८ जानेवारी
भाडेकरूंसाठी नियम लिहून काढले. भिंतीला खिळा ठोकू नये. पाणी फक्त सकाळी. पाहुणा मुक्कामी ठेवू नये. पहिल्याच दिवशी धाक बसला की पुढची डोकेदुखी वाचते. मग माझ्या खोलीत कॅलेंडर लावलं.

९ जानेवारी
कॅलेंडर जमिनीवर, खिळा उपसून उंबऱ्यावर ठेवलेला. भोक बुजवलंय, सिमेंट अजून ओलं. शेजारी गफूरचाचांचं फर्निचरचं दुकान आहे. त्यांचाच आगाऊपणा असेल म्हणून विचारलं, तर ते रंधा मारत राहिले. मी दुसरा खिळा ठोकला. मालक मी आहे.

१३ जानेवारी
बँकेचा माणूस मूल्यांकनाला आला, टेप लावून गेला. भिंती ठीक, भाड्याचा अंदाज ठीक, फक्त घराचा उतारा आणा म्हणाला. ग्रामपंचायतीत रेवजी क्लार्कने काढून दिला. मालक: उखा धुडकू. भोगवटादार: नवनीत पाटील. भोगवटादार म्हणजे नुसता राहणारा. मी खरेदीखत आपटलं. रेवजी शरमला, माझ्यासमोर दुरुस्त करून शिक्का मारला. घरी येऊन पिशवीतून कागद काढतो तर मालक उखा धुडकू. डोकं फिरलं.

१७ जानेवारी
चौथी खेप. रेवजी आता मला पाहिलं की चहाला उठतो. शेवटी जुनं रजिस्टर मीच उघडलं. साठ वर्षांत घर सात वेळा विकलं गेलंय आणि सातही खरेदीदार भोगवटादाराच्या रकान्यात. एकाची तारीख संपते त्याच दिवशी दुसऱ्याची सुरू होते. मालक कायम उखा.
दुपारी नळ कोरडा. मोटर चालू, बोअरला पाणी, तरी कोरडा. सकाळी मात्र धो धो येतं. हे माझे नियम आहेत. ते मलाच कोण लावतंय?

१९ जानेवारी
उखा कोण, असं गफूरचाचांना सरळ विचारलं. त्यांनी रंधा खाली ठेवला. उखाला जाऊन जमाना झाला म्हणाले, पण त्याने घर मनातून कुणाला दिलंच नाही. विकत घेणाराही त्याच्या लेखी भाडेकरूच, आणि घर रिकामं सोडलेलं त्याला चालत नाही. "बदलीना माणूस लई या, मंग जा." म्हणजे बदली माणूस आणल्याशिवाय सुटका नाही. आधी का नाही सांगितलंत, मी ओरडलो. इतकं स्वस्त घेतलंत तेव्हा ठाऊक असेल असं वाटलं, म्हणाले.
कर्ज गेलं खड्ड्यात. बॅग भरली.

२० जानेवारी
हायवे दिसतो. ट्रक दिसतात. सकाळी आठपासून चालतोय, अंतर कमी होत नाही. मागे वळलं की चार पावलांत ओटा. चाचांच्या मोटरसायकलवर मागे बसलो. ते विसरवाडीला पोचले. मी ओट्यावर. मला भीती वाटतेय.

२१ जानेवारी
रुचिकाचा फोन. बँकेला सहकर्जदार म्हणून तिची सही हवी होती. मीच आठवडाभर तिच्या मागे लागलो होतो. आता निघतेय म्हणाली. येऊ नकोस म्हटलं. सगळं खरं सांगितलं. तिला वाटलं मला ताप चढलाय — आता तर येणारच.
नियमात पाहुणा बसत नाही. तो तिला ठेवून घेणार नाही, एवढाच आधार. फक्त तिने सही करू नये. सही केली तर ती घराच्या कागदावर येईल, पाहुणी राहणार नाही.

२२ जानेवारी, सकाळ
फोन लागत नाही. लागत नाही —

दुपार
आली. नवापूरला बँकेत सही करूनच आली. मला खूश करायला. उंबऱ्यावर तिचा हात धरला, तिने सोडवला. कपाळ चाचपलं, आत जाऊन चहा ठेवला.
रेवजी धावत आला. उतारा. भोगवटादार: रुचिका पाटील. माझ्या नावापुढे संपल्याची तारीख, आजची —

फाटकाबाहेर आहे. एक पाऊल टाकून पाहिलं. अंतर कमी झालं. आणखी चार. हॉर्न जवळून ऐकू येतोय.
ती हाक मारतेय, साखर कुठे आहे म्हणून.
परत जायला हवं. तिच्याबरोबर राहायला हवं. जातो. लगेच जातो. आधी फक्त बस कितीची आहे तेवढं बघून —