शांतारामने काढलेला गुणक

डहाणू, २० नोव्हेंबर १९६४, संध्याकाळ

शांतारामला जाऊन बावीस दिवस झाले. आज चाचणीच्या शेडमध्ये पहिल्यांदाच मी एकट्याने विजेचा उच्च दाब मोजणारा प्रोब तपासला. क्षणभराचा झटका सोडायचा, दोन तांब्याच्या गोळ्यांमध्ये ठिणगी पडली की त्यांच्यातल्या अंतरावरून खरा दाब कळतो, त्याच्याशी प्रोबचा आकडा ताडून पाहायचा. जुळेना. प्रोब कमीच दाखवत होता. वाटलं, प्रोबच्या आकड्याला ज्याने गुणायचं तो शांतारामने काढलेला गुणकच चुकला. वहीतला त्याचा आकडा मी लाल शाईने खोडला. एवढी घाई कशाची होती?

चहाच्या वेळी शेजारच्या खात्यातला मगनभाई आला. म्हणाला, "गोळे पुसले का? शांताराम रोज पुसायचा ने! खाऱ्या हवेचा थर बसला की ठिणगी कमी दाबालाच पडते. तू तर 'भांडी घासतोस' म्हणून त्याला हसायचास."

पुसले. आकडा तंतोतंत जुळला.

आठ वर्षं शेजारी काम केलं, आणि चूक त्याचीच, असं पाच मिनिटांत वाटलं मला. खोडलेल्या आकड्याशेजारी तोच आकडा पुन्हा लिहिला. पण अक्षर माझं. खाली लिहिलं, "मूळ आकडा बरोबर. खोडण्याची चूक माझी." सही केली.

वहीत दुसऱ्या सहीची जागा असते, तिथे शांताराम सही करायचा. ती मोकळीच ठेवून आलो.